प्रार्थना चालू आहे, पण आत काहीच मिळत नाही: विश्वास ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

तुमचा प्रश्न आधी मला समजला तसा मांडते. तुम्ही ख्रिस्ती घरात वाढलात. वर्षभरात संपूर्ण बायबल वाचून व्हावं असा तक्ता लावून रोज वाचता, रविवारची उपासना चुकवत नाही, संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवता. दीड वर्षापूर्वी तुमची आई आजारी पडली. तुम्ही आणि मंडळीतल्या लोकांनी तिच्यासाठी कळकळीने प्रार्थना केली, आणि ती गेली. तेव्हापासून वचन वाचताना आत काही हलत नाही आणि प्रार्थना ओठांपुरती उरली आहे. लोक सांगतात, ‘विश्वास ठेवा, प्रभू तुमचं पोषण करील.’ एकाने तर असंही सांगितलं, की विश्वास कमी पडला म्हणून उत्तर आलं नाही. तुमचे प्रश्न तीन आहेत: विश्वास ठेवायचा म्हणजे प्रत्यक्षात करायचं काय, त्यातून आत्म्याला अन्न मिळतं ते कसं, आणि आत काहीच नसताना मुलांना शिकवत राहणं हे ढोंग तर नाही ना?

मी बरीच वर्षं लोकांच्या आत्मिक वाटचालीत सोबत करते. आजारी माणसं आणि घरातलं कुणी गेलेली माणसं यांच्याजवळ बसणं हा या कामाचा मोठा भाग आहे. त्या अनुभवावरून लिहिते आहे.

वरवर पाहिलं तर तुम्ही पद्धत विचारता आहात: वाचू कसं, प्रार्थना करू कशी. पण तुमच्या मजकुरात आईचा उल्लेख सोडला तर बाकी सगळं नियमित चालू आहे. शिस्तीत उणीव नाही. मला जे दिसतं ते असं, की ज्याच्याकडे तुम्ही आईला मागितलं आणि ज्याने ती दिली नाही, त्याच्याच हातून आता आत्म्याचा घास कसा घ्यायचा, हा खरा प्रश्न आहे. अन्न समोर आहे, पण वाढणाऱ्याबद्दलच मन साशंक झालं आहे. अशा वेळी वाचनाची नवी पद्धत कितीही चांगली असली तरी तिचा उपयोग थोडाच होणार. म्हणून मी आधी भरवशाबद्दल बोलेन आणि वाचन-प्रार्थनेकडे नंतर येईन.

त्याआधी एक गोष्ट, जी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे आणि मला इथून दिसत नाही. तुमची झोप कशी आहे? जेवण जातं का? बायबलच कोरडं झालंय, की एरवी आवडणाऱ्या सगळ्याच गोष्टी बेचव झाल्यात? गोडी फक्त प्रार्थनेतली गेली असेल तर ते एक. पण आठवडेच्या आठवडे झोप नाही, कशातच रस नाही, सकाळी उठणंच जड होतं, जगण्यात अर्थ नाही असे विचार येतात, असं असेल तर कृपा करून डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा, आणि लवकर भेटा. नैराश्य हा आजार आहे. त्यावर उपचार घेणं म्हणजे विश्वासात उणं पडणं नव्हे. 1 राजे 19 मध्ये एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवाचा दूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. होरेब डोंगरावर देवाशी झालेला संवाद त्यानंतरचा आहे. थकलेल्या देहाची काळजी देवाने आधी घेतली, हा क्रम मी कधीच नजरेआड करत नाही.

आता त्या वाक्याबद्दल: ‘विश्वास कमी पडला.’ हे वाक्य मनातून काढून टाका, असं मी अगदी स्पष्टपणे सांगते. ते शास्त्राला, म्हणजे बायबलला, धरून नाही आणि ते माणसाला उपाशी ठेवतं. कारण एकदा ते आत शिरलं, की प्रत्येक प्रार्थना ही स्वतःची परीक्षा होऊन बसते. माणूस देवाकडे बघायचं सोडून आपल्याला पुरेसा विश्वास वाटतो आहे का, हेच तपासत राहतो. आणि स्वतःचा विश्वास चाचपून कुणाचंच पोट भरत नाही.

शास्त्र काय सांगतं ते पाहा. गेथशेमाने बागेत येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली, त्याच शब्दांत तीनदा केली, आणि प्याला टळला नाही. पौलाने देहातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा राहिला. त्याला ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे उत्तर मिळालं. या दोघांचा विश्वास तोकडा होता असं कोण म्हणेल? उलट मार्क 9 मधला बाप आठवा. मुलगा लहानपणापासून आजारी, शिष्यांना काही करता आलेलं नाही, आणि येशूसमोर तो रडवेला होऊन म्हणतो, की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एकाच वाक्यात दोन्ही. त्या माणसाचा अविश्वास पुरता जाईपर्यंत येशू थांबला नाही, मुलगा त्याच वेळी बरा झाला. म्हणजे ज्याचा विश्वास अर्धामुर्धा होता त्याला मिळालं आणि ज्याचा परिपूर्ण होता त्याचा प्याला टळला नाही. विश्वासाचं माप आणि प्रार्थनेचं फळ यांचा असा सरळ हिशेब बायबलमध्ये बसत नाही.

सगळं गमावून बसलेल्या ईयोबाच्या मित्रांचीही आठवण ठेवा. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, तोवर ते चांगले मित्र होते. मग त्यांनी कारणं सांगायला सुरुवात केली. शेवटच्या अध्यायात देव त्यांना म्हणतो, की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. ईयोब तर देवाशी भांडला होता, त्याला जाब विचारत होता. तरी देवाच्या लेखी खरं बोलणारा तोच ठरला.

हे सगळं मी इतक्या विस्ताराने सांगते आहे त्याला कारण आहे. शोकात असलेल्या ज्या माणसांबरोबर मी बसले आहे, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा कोरडेपणा दुःखातून आलेला नव्हता. दुःखाच्या वर जो दोष ठेवला गेला होता, त्यातून आलेला होता.

मग विश्वास ठेवायचा म्हणजे काय? 1563 साली जर्मनीत हायडेलबर्गची प्रश्नोत्तरावली, म्हणजे प्रश्नोत्तरांतून ख्रिस्ती विश्वास शिकवणारं पुस्तक, तयार झाली. तिच्यातला 21 वा प्रश्न नेमका हाच आहे: खरा विश्वास म्हणजे काय? उत्तराचा आशय असा, की देवाने आपल्या वचनातून प्रकट केलेलं सगळं सत्य आहे हे ज्ञान तर विश्वासात आहेच, पण त्याबरोबर मनापासूनचा भरवसाही आहे, की क्षमा आणि तारण इतरांनाच नव्हे, मलाही दिलं गेलं आहे. मला यातला ‘मलाही’ फार महत्त्वाचा वाटतो. तुम्ही ख्रिस्ती घरात वाढलात, त्यामुळे ज्ञान तुमच्याकडे भरपूर आहे, त्याला मान्यताही आहे. आईच्या जाण्याने धक्का बसला तो भरवशाला. देव आहे, चांगला आहे, ठीक. पण माझ्याशी चांगला आहे का?

आणि भरवसा ही भावना असते असं धरून चाललं, की माणूस अडकतो. भावना हुकमाने आणता येत नाही. भरवसा मात्र करता येतो, अगदी लहान कृतीत, आत काही जाणवत नसतानाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपलेल्या माणसाला भीती वाटत असते, तरी तो झोपतो. त्याने भरवसा ठेवला तो झोपण्यात, न घाबरण्यात नव्हे.

स्तोत्र 131 हे फक्त तीन वचनांचं आहे. स्तोत्रकर्ता म्हणतो, मी आपला जीव शांत केला आहे, दूध तुटलेलं मूल आईजवळ असतं तसा माझा जीव माझ्या ठायी आहे. मी हे स्तोत्र तुमच्यासारख्या किती जणांबरोबर वाचलं असेल! अंगावर पिणारं तान्हं मूल आईला बिलगतं ते दुधासाठी. दूध तुटतं तेव्हा ते रडतं, चिडतं, आईने आपल्याला नाकारलं असंच त्याला वाटत असणार. नंतर एक दिवस ते पुन्हा तिच्या मांडीवर येऊन बसतं, दूध मिळणार नाही हे माहीत असूनही. आता ते आईसाठी आलेलं असतं. आणि आईने दूध तोडलं म्हणजे तिने मुलाला जेवू घालणं सोडलं असं होत नाही. अन्न बदललेलं असतं. तुमच्या बाबतीत हेच घडलं आहे असा दावा मी करत नाही. आईच्या मृत्यूला ‘धडा’ म्हणण्याचं धाडस मी कधीच करणार नाही. एवढंच सांगते, की पूर्वी प्रार्थनेत जी गोडी जाणवायची ती गेली म्हणून देणारा निघून गेला असा निष्कर्ष काढू नका. शास्त्राच्या साक्षीनुसार तो निघत नाही.

मंडळीच्या इतिहासात हा अनुभव नवा नाही. सोळाव्या शतकात योहान ऑफ द क्रॉस या स्पॅनिश संन्याशाला त्याच्याच संघातल्या लोकांनी 1577 च्या डिसेंबरमध्ये तोलेदोत कोंडलं. पुढच्या ऑगस्टमध्ये तो निसटला. आत्म्याच्या ‘अंधाऱ्या रात्री’बद्दल त्याने जे लिहिलं ते आजही वाचलं जातं. मदर तेरेसा 1997 मध्ये गेल्या, आणि 2007 मध्ये त्यांची खाजगी पत्रं प्रसिद्ध झाली तेव्हा लोकांना धक्का बसला. कितीतरी दशकं त्यांना प्रार्थनेत देवाची जवळीक जाणवत नव्हती. तरी त्या रोज पहाटे प्रार्थनेला बसत आणि मग कामाला जात. ही नावं मी तुमच्या कोरडेपणाला मोठेपणाची झालर लावायला घेतली नाहीत. ज्यांना आत काहीच जाणवत नव्हतं त्यांच्याही हातून प्रेम वाहत राहिलं, म्हणजे कुठून तरी पोषण येत होतं, एवढंच मला दाखवायचं आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. सगळ्यात आधी प्रार्थना, आणि प्रार्थनेतही आधी तक्रार.

तुम्ही लिहिलं आहे की तुम्ही रोज आभार मानता, मंडळीसाठी मागता, घरच्यांसाठी मागता. आईबद्दल देवाशी काय बोललात, ते लिहिलेलं नाही. माझा अंदाज आहे की काहीच बोलला नाहीत. स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत. स्तोत्र 13 सुरू होतं तेच ‘कोठवर?’ या प्रश्नाने, आणि पहिल्या दोन वचनांत तो प्रश्न चार वेळा येतो. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, पण स्तोत्र 88 वळत नाही. ते अंधारातच संपतं. असं स्तोत्र बायबलमध्ये ठेवलं गेलं, पुसलं गेलं नाही, याचा अर्थ देवासमोर हेही चालतं. देवाला ‘तू विसरलास का?’ असं विचारणं हीच भरवशाची कृती आहे. ज्याच्याशी नातं संपलं त्याला कुणी जाब विचारत नाही.

योहान 11 मध्ये लाजरस गेल्यावर मार्था आणि मरिया दोघी वेगवेगळ्या वेळी येशूला भेटतात आणि दोघी तेच म्हणतात: प्रभुजी, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. त्यात विश्वास आहे आणि तक्रारही आहे. मार्थाला येशू उत्तर देतो, पुनरुत्थान आणि जीवन मीच आहे. मरियेला तो उत्तर देत नाही. तिला रडताना पाहून तो विव्हळ होतो, कबर कुठे आहे विचारतो आणि रडतो. एकीला वचन, दुसरीला अश्रू. तुम्हाला यातलं काय मिळेल ते मला माहीत नाही, पण दोघींनाही ते मिळालं ते त्यांनी ते वाक्य त्याच्या तोंडावर बोलल्यानंतर. म्हणून माझा पहिला सल्ला: या आठवड्यात एकदा एकटे बसा आणि तेच वाक्य आईचं नाव घालून म्हणा. ‘प्रभुजी, आपण असता तर...’ पुढे जे येईल ते येऊ द्या. राग आला तर रागाने बोला. सुंदर शब्द नकोत. रडू आलं तर तीच प्रार्थना. काहीच आलं नाही तर स्तोत्र 13 वाचा आणि उठा.

वाचनाबद्दल माझं मत ठाम आहे: तो वार्षिक तक्ता सध्या बाजूला ठेवा. बायबलमध्ये 1189 अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज तीनाहून अधिक अध्याय होतात. चांगल्या दिवसांत ही सवय उत्तम. शोकात मात्र ती फक्त मागे पडल्याचा हिशेब वाढवते. बाराव्या शतकातला ग्विगो दुसरा नावाचा एक मठवासी शास्त्रवाचनाच्या चार पायऱ्या सांगतो: वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. तो म्हणतो, वाचन घास तोंडात घालतं, मनन तो चावतं, प्रार्थना त्यातला रस काढते, आणि ध्यान म्हणजे ती गोडीच. तुमची अडचण मला अशी दिसते, की घास बरेच आहेत आणि चावायला वेळ नाही. आठ-दहा वचनं घ्या. सावकाश, शक्य तर मोठ्याने वाचा. जिथे मन अडखळेल तिथे थांबा, मग ते दिलासा देणारं असो वा खटकणारं. खटकलं तर आणखी बरं. त्याबद्दलच देवाशी बोला. तोच उतारा दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतला तरी हरकत नाही.

सुरुवात कुठून करायची? मी योहान 6 पासून करा म्हणेन. तुमचा पोषणाचा प्रश्न त्या अध्यायात जसाच्या तसा आहे. पाच हजारांना जेवू घातल्यावर लोक दुसऱ्या दिवशी पुन्हा भाकरीसाठी येतात, आणि येशू म्हणतो, ‘जीवनाची भाकर मीच आहे.’ त्यांना जे हवं होतं ते तो देत नाही, स्वतःला देऊ करतो. हे बोलणं पुष्कळांना जड जातं, शिष्यांतलेही बरेच जण परत फिरतात. मग तो बारा जणांना विचारतो, तुमचीही निघून जायची इच्छा आहे का? पेत्राचं उत्तर नीट ऐका: ‘प्रभुजी, आम्ही कोणाकडे जाणार?’ यात उत्साह नाही, आणि समजल्याचा आवही नाही. सार्वकालिक जीवनाची वचनं तुमच्याजवळ आहेत, दुसरं दार नाही, म्हणून आम्ही इथे आहोत. तुम्ही दीड वर्ष कोरड्या मनाने दर रविवारी जाऊन बसता आहात, ते पेत्राच्या या उत्तरापेक्षा फार वेगळं आहे का? तुम्ही ज्याला विश्वासाचा अभाव म्हणता, त्यात मला भरवसा दिसतो.

तुमच्या मजकुरात आणखी एक भीती होती: असंच चालत राहिलं तर काही वर्षांनी माझा विश्वास उरेल का? यावर निर्गम 16 मधला मान्ना, म्हणजे देवाने रानात दिलेलं अन्न, पाहा. इस्राएल लोकांना रानात रोज सकाळी त्या दिवसापुरतं गोळा करायचं होतं. काहींनी उद्यासाठी ठेवलं, तर त्यात किडे पडले. शब्बाथाच्या आदल्या दिवशी तेवढं दुप्पट मिळायचं. चाळीस वर्षं ते असेच जगले, आणि त्यांच्या हातात साठा कधीच नव्हता. प्रभूच्या प्रार्थनेतही आपण ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ असंच म्हणतो. पुढच्या पाच वर्षांचा विश्वास आज तुमच्याकडे नसणार, तो कुणाकडेच नसतो. सकाळी एवढंच विचारा: आजच्या कोणत्या एका गोष्टीत मी देवावर टेकू शकते किंवा शकतो? कधी ती गोष्ट अगदी लहान असेल, आईच्या वस्तूंचं कपाट उघडण्याएवढी. तेवढ्यापुरतं मागा.

मंडळीबद्दल थोडक्यात, पण हे सोडू नका. मार्क 2 मध्ये चार जण एका पक्षाघाती माणसाला उचलून आणतात, छप्पर उघडून खाली सोडतात, आणि येशू ‘त्यांचा’ विश्वास पाहून त्या माणसाशी बोलतो. काही काळ दुसऱ्यांच्या विश्वासावर वाहून नेलं जाणं यात कमीपणा नाही. गीत ओठांवर येत नसेल तर बाकीच्यांना गाऊ द्या, तुम्ही ऐका. प्रभुभोजनाला जा. तिथे तुम्हाला काही वाटावं लागत नाही, काही बोलावं लागत नाही. भाकर हातावर ठेवली जाते आणि ती खायची असते. कोरड्या काळात मला या विधीचा आधार सगळ्यात जास्त वाटतो. मात्र मंडळीत तुमच्यावर दोष ठेवणारेच लोक आजूबाजूला असतील, तर अशी एक-दोन माणसं शोधा जी नुसती बसू शकतात. पाळकांशी एकदा मोकळेपणाने बोला. तिथेही तेच वाक्य ऐकायला मिळालं, तर दुसरीकडे मार्गदर्शन शोधण्यात गैर काही नाही.

अन्न मिळतं आहे हे ओळखायचं कसं? त्या क्षणी बहुधा कळत नाही. लूक 24 मध्ये अम्माऊसच्या वाटेवरचे दोन शिष्य येशूबरोबर चालत असतात, तो त्यांना शास्त्र उलगडून सांगतो, तरी ते त्याला ओळखत नाहीत. भाकर मोडल्यावर ओळखतात आणि मग म्हणतात, वाटेत तो बोलत होता तेव्हा आपलं अंतःकरण आतल्या आत उकळत नव्हतं काय? म्हणून रोज रात्री ‘आज काही जाणवलं का’ हे तपासू नका. काही महिन्यांनी मागे वळून पाहा, आणि भावनेऐवजी फळ पाहा. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात ती यादी आहे: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता आणि पुढची. माझ्या अनुभवात पहिली खूण आनंदाची क्वचितच असते. माणूस आईचं नाव पुन्हा सहज घेऊ लागतो. ज्याने दुखावलं त्याच्याबद्दलची धार थोडी कमी होते. दुसऱ्याच्या घरी दुःख झालं तर तिथे जाऊन बसता येतं, उपदेश न करता. तीन महिन्यांनी यातलं एखादंही दिसलं तर समजा, पोषण होत होतं. आणि तेव्हाही काहीच दिसलं नाही तर एकट्याने ओढत राहू नका. अनुभवी माणसाबरोबर बसून पुन्हा पाहा, मी वर विचारलेल्या झोपेच्या आणि मनाच्या प्रश्नांसकट.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: आधी दोष उतरवा, मग तक्रार बोला, थोडं वाचा पण चावून वाचा, भरवसा आजच्यापुरता मागा, आणि इतरांच्या खांद्यावर भार टाका.

राहिला संडे स्कूलचा प्रश्न. याला मी ढोंग म्हणणार नाही. जे नाही ते असल्यासारखं दाखवलं तर ते ढोंग. मनात गोडी नसतानाही हातातलं काम चालू ठेवणं ही निष्ठा आहे. येशूसंघाचा संस्थापक लोयोलाच्या इग्नेशियसने आत्मिक कोरडेपणाच्या काळासाठी एक नियम घालून दिला आहे, आणि तो मला अतिशय शहाणपणाचा वाटतो: अशा काळात आधी शांत मनाने घेतलेला निर्णय बदलू नये. तुम्ही शिकवायचं ठरवलं ते चांगल्या दिवसांत ठरवलं होतं. ते सोडायचं असेल तर मन स्थिरावल्यावर ठरवा. याला एकच अपवाद: शरीराने खरंच थकला असाल तर पाळकांना सांगून काही महिन्यांची रजा घ्या. थकून रजा घेणं वेगळं, अपराधी वाटून काम सोडणं वेगळं.

आणखी एक कारण आहे. योहान 4 मध्ये शोमरोनी बाईशी बोलून झाल्यावर शिष्य येशूला जेवायचा आग्रह करतात, तेव्हा तो म्हणतो, ज्याने मला पाठवलं त्याच्या इच्छेप्रमाणे करावं हेच माझं अन्न आहे. स्तोत्र 37 च्या तिसऱ्या वचनातही परमेश्वरावर भाव ठेवणं आणि सत्कर्म करणं एकाच ओळीत आलं आहे. कोरड्या दिवसांत अनेकांचं पोषण प्रार्थनेच्या खोलीपेक्षा कुणासाठी तरी केलेल्या कामात आधी सुरू झालेलं मी पाहिलं आहे. तेव्हा तो वर्ग कदाचित फक्त तुम्ही देण्याची जागा नसून तुम्हाला मिळण्याचीही जागा असेल.

शिकवताना मात्र एक पाळा: जे आज तुमच्याने म्हणवत नाही ते मुलांसमोर म्हणू नका. ‘प्रार्थना केली की देव बरं करतोच’ असं पुस्तिकेत असलं तरी ते वाक्य गाळा. येत्या काही रविवारांत मुलांना मार्था-मरियेची गोष्ट सांगा, दोघी काय बोलल्या आणि येशू का रडला ते त्यांना विचारा. कुणाचे आजी-आजोबा गेले असतील, कुणाचं आणखी काही असेल, ते बोलतील. एखाद्या मुलाने विचारलं, की तुमच्या आईसाठी आम्ही पण प्रार्थना केली होती, मग? तर खरं सांगा: मला माहीत नाही, मलाही वाईट वाटतं, मी देवाला तेच विचारते आहे किंवा विचारतो आहे, आणि तरी मी त्याच्याकडेच आले आहे किंवा आलो आहे.